रोज साडेबाराला: एक खांब, एक पिंपळ, एक इस्त्रीची टपरी

रेघोट्या | २ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी चित्रं काढून पोट भरते. शाळेच्या पुस्तकांतला ससा, आंब्याची फोड, बसच्या रांगेतली माणसं, गोष्ट सांगणारी आजी, असलं सगळं. दिवसभर संगणकावरच काम. गेल्या वर्षी मे महिन्यात जुन्या फायली आवरत बसले होते, तेव्हा दिसलं की माझ्या सगळ्या आज्यांचा अंबाडा एकाच जागी आहे आणि सगळ्या बसच्या रांगेत तोच एक माणूस पाच वेळा उभा आहे, शर्टाचा रंग तेवढा बदललेला. आठवणीतून काढते म्हणत होते, खरं तर सवयीतून काढत होते.

मग १ जूनपासून एक नेम धरला. दुपारी साडेबाराला, जेवणाआधी, गॅलरीत उभं राहायचं. आधी फोनवर एक फोटो काढायचा, तो बघायचा नाही. मग वीस मिनिटं वहीत पेनाने चित्र. रात्री दोन्ही शेजारी ठेवायची. जागा तीच, रोज. वर्ष झालं परवा. आजारपण, गावाला जाणं, कंटाळा वगळून ३११ दिवस भरले.

आमची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, सदाशिव पेठेतल्या एका बोळावर, तोंड उत्तरेला. समोर जुन्या वाड्याच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ. त्याच्याखाली इस्त्रीची टपरी. टपरीच्या अलीकडे पुरुषभर उंचीचा लोखंडी खांब; त्यावरची पी-वनची (पार्किंगची) पाटी कधीच गेली, खांब तेवढा उरलाय. बस्स, एवढंच. या एवढ्याशा जागेत वर्षभर काय बघणार, असं नवराही म्हणाला होता.

प्रचि (प्रकाशचित्रं, म्हणजे फोटो) आणि चित्रं खाली जोडून देते आहे (प्रचि १ ते ६). काही गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाहीत.

इस्त्रीवाले काका डावरे आहेत. गेली अकरा वर्षं मी त्यांच्याकडे कपडे देते, शिवाय फोटो काढत होतेच. चाळीसएक चित्रं झाल्यावर एकदा मनगट काही केल्या जमेना, तेव्हा कळलं की मी मनातल्या मनात त्यांना उजवा हात देत होते. फोटोंत पहिल्या दिवसापासून इस्त्री डाव्याच हातात आहे. मी फोटो रोज रात्री बघत होते, बरं का!

दुसरं, वायरी. पहिले दोन महिने मी वायरी काढल्याच नाहीत. केबल, वीज, इंटरनेट, कोणाची तरी जुनी ॲंटेना, सगळं वगळायचं आणि 'छान' पिंपळ काढायचा. चित्रं पोस्टकार्डासारखी दिसत होती. गणपतीच्या सुमारास हट्टाने फक्त वायरी काढल्या, आणि टपरी, वाडा, आमची इमारत हे सगळं पहिल्यांदा एका जागी बांधल्यासारखं दिसलं.

पिंपळ मात्र अजून हाती लागलेला नाही. फेब्रुवारी-मार्चात पानं झडून तांबूस गुलाबी पालवी आली तेव्हा रंग सापडला, पण सळसळ? फोटोत पान गोठतं. चित्रात मी प्रत्येक पान काढायला गेले तर कोबी होतो. सध्या फक्त टोकं काढते, खाली झुकलेली शेपटासारखी टोकं. बाकीचं पान बघणाऱ्याने समजून घ्यायचं.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढला. प्रचि ५ आणि चित्र ५ बघा. ३१ मे. खांबाची सावली माझ्याकडे, म्हणजे दक्षिणेला पडलेली काढली आहे, चांगली सहा बोटं. हिवाळ्यातल्या चित्रांत तीच सावली पलीकडे, टपरीच्या पायापर्यंत जाते. आधी वाटलं उन्हाने डोकं फिरलं आणि उलटी काढली. पण फोटोतही तसंच आहे. सूर्य कायम दक्षिणेला असतो ना? मी चुकले की सूर्य?

---

मीठभाकर | २ जून, रात्री १०:१५

मस्त धागा. चित्र ३ मधली काकांची पाण्याची बाटली, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली! आमच्या दादरच्या इस्त्रीवाल्याकडे अगदी अशीच होती. फोटोत ती मला दिसलीच नव्हती, चित्र बघून परत फोटोत शोधली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

बाणकोटचा_बोका | २ जून, रात्री १०:५०

अवांतर शंका. फोन पुढच्या कॅमेऱ्याने आरशासारखा उलटा फोटो काढतो. काका डावरे नसून फोन डावरा असेल. कृहघ्या (कृपया हलकेच घ्या).

---

रेघोट्या | २ जून, रात्री ११:०२

@बोका, मागच्याच कॅमेऱ्याने काढते हो. शिवाय भिंतीवरची 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी सुलटी वाचता येते. आणि आज संध्याकाळी मुद्दाम विचारलं. काका म्हणाले, "लहानपणी मार खाल्ला त्यापायी. लिहायला उजवा झालो, इस्त्रीला कुणी मारलं नाही."

---

लंबक | ३ जून, सकाळी ७:३०

रेघोट्याताई, सूर्य चुकला नाही आणि तुम्हीही नाही. उलट सावलीवर विश्वास ठेवून काढलीत याचं कौतुक. बहुतेक जण ती 'दुरुस्त' करून टाकतात.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर. सूर्य उन्हाळ्यात साडेतेवीस अंश उत्तरेपर्यंत सरकतो, म्हणजे पुण्याच्या डोक्यावरून पुढे जातो. १३-१४ मेच्या सुमारास मध्यान्ही तो बरोबर माथ्यावर असतो, आपण ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्यानंतर २९-३० जुलैपर्यंत दर मध्यान्ही सूर्य पुण्याच्या उत्तरेला आणि सावली दक्षिणेला. मग तो परतीच्या वाटेवर पुन्हा माथ्यावरून जातो. म्हणून वर्षातून दोन शून्य सावल्या. मुंबईला पहिली १५-१६ मेला, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला २६ मेच्या आसपास. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे सगळ्यांच्या नशिबात आहे. दिल्लीकरांच्या नाही.

पावसाळ्यात ढग असतात म्हणून लोकांच्या हे लक्षात येत नाही. दक्षिणेची सावली दिसायला मेचा उत्तरार्ध आणि जूनचे पहिले काही दिवस, एवढीच काय ती संधी.

आणखी एक. तुमची वेळ नकळत फार चांगली निघाली. पुण्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, मेच्या मध्यात ती १२:३१ च्या सुमारास होते. भारतीय वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, पुणे त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेनऊ अंश, अंशाला चार मिनिटं. शिवाय वर्षभरात मध्यान्ह काही मिनिटं पुढेमागे सरकत असते. खांब किती उंच आहे?

---

रेघोट्या | ३ जून, दुपारी १:२०

आत्ता खाली जाऊन काकांच्या टेपने मोजला. साधारण दोन मीटर. काका म्हणाले, "महानगरपालिकेतून आलीस का?"

---

लंबक | ३ जून, दुपारी १:४५

मग ३१ मेला सावली १२ सेंटिमीटर यायला हवी. तुमची 'सहा बोटं' जवळपास तेवढीच झाली. २१ जूनला ऊन मिळालं तर १७ सेंमी. डिसेंबरच्या अखेरीस मात्र १.८ मीटर, जवळजवळ खांबाएवढीच.

तुमच्याकडे १३ मेचा फोटो असेलच ना?

---

रेघोट्या | ३ जून, रात्री ९:०५

आहे! १३ मे, दुपारी १२:३४. प्रचि ७ म्हणून टाकते आहे. खांबाला सावलीच नाही, कोणीतरी कापून चिकटवल्यासारखा दिसतोय. बोळातल्या स्कूटरी पण तशाच, जमिनीपासून सुटल्यासारख्या.

आणि आता गंमत ऐका. त्याच दिवसाच्या चित्रात मी खांबाला सावली काढली आहे. उत्तरेला, व्यवस्थित, तिरक्या रेघांनी. डोळ्यांसमोर नसलेली सावली! खांब काढला की सावली काढायचीच, हा हात. ३१ मेला बघून काढली आणि १३ मेला सवयीने. मी इथे फुशारकी मारत होते की चित्रामुळे मला दिसायला लागलं, आणि फोटोने मला रंगेहाथ पकडलं.

---

बाणकोटचा_बोका | ३ जून, रात्री ९:४०

मी हेच म्हणणार होतो. मी फोटोग्राफीवाला. चित्रकार लोक वायरी गाळतात, सावल्या घालतात, आणि वर फोटोला 'यांत्रिक' म्हणतात. समोर होतं ते आलं, एवढा तरी प्रामाणिकपणा कॅमेऱ्यात असतो.

---

निबवाला | ४ जून, सकाळी ११:१०

बोकोबा, फोनचा कॅमेरा आणि प्रामाणिक? आजचा फोन बटण दाबल्यावर एक फोटो काढतच नाही. पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, एकमेकांवर बसवतो, आणि सावलीतला काळोख स्वतःच्या मर्जीने उजळवतो. म्हणून ताईंच्या प्रचि २ मध्ये पिंपळाखाली सावली आहे असं वाटतच नाही. चित्र २ बघा, तिथे टपरीच्या आत निळसर अंधार आहे आणि त्यातून फक्त इस्त्रीचा निखारा आणि काकांचा बनियन दिसतो. मे महिन्यात भर उन्हातून डोळ्याला असंच दिसतं.

दुसरं, भिंग. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६ मिमीच्या जातीचा, म्हणजे रुंद. जवळचं फुगवतो, लांबचं आक्रसतो. दुसऱ्या मजल्यावरून फोन खाली झुकवला की उभ्या रेघा खाली एकत्र यायला लागतात. सगळ्या प्रचिंमध्ये खांब कललाय, सगळ्या चित्रांत सरळ आहे. प्रत्यक्षात तो सरळच असणार.

फोटोवरून चित्र काढणाऱ्यांची हीच फसगत होते. कलता खांब तसाच गिरवतात. निदान दुप्पट झूमने काढत जा, ५० मिमीच्या जवळ जाल.

---

बाणकोटचा_बोका | ४ जून, दुपारी १२:०५

फोनबद्दल मान्य. माझ्या फिल्मच्या कॅमेऱ्याबद्दल अमान्य. बाकी आमच्या पंथाचा मोठा माणूस, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, तरुणपणी चित्रकार आंद्रे ल्होतकडे चित्रकला शिकला, आयुष्यभर फोटो काढले आणि सत्तरच्या दशकात कॅमेरा बाजूला ठेवून पुन्हा पेन्सिलकडे वळला. हे मीच सांगतोय म्हणजे बघा.

---

मांडवीकाठ | ४ जून, रात्री ८:३०

रोजच्या वहीवरून आमचा मारियो आठवला. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा. लहानपणी घराच्या भिंती रंगवायचा म्हणून आईने कोरी वही आणून दिली, तिला तो डायरी म्हणायचा. शाळेत पाद्रींची चित्रं काढून बोलणी खाल्ली. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या डायऱ्या नंतर छापूनही आल्या. त्या बघाल तर लक्षात येईल, विशीतल्या मुलाने गोव्यातल्या लोटलीत दिवसभर काय केलं तेवढंच आहे: कोण भेटलं, कोण झोपलं, कोणाच्या लग्नात कोण काय जेवलं. पुढे मुंबईच्या कॅफे माँडेगरच्या भिंतींवर जी गर्दी त्याने उभी केली, तिची तालीम तिथे आहे. त्या गर्दीत एकही माणूस दुसऱ्यासारखा नाही. रेघोट्याताईंच्या पाच वेळा उभ्या राहिलेल्या माणसावरून हे सुचलं, राग नसावा.

---

रेघोट्या | ४ जून, रात्री ९:००

राग कसला, घाव वर्मी बसला. :)

---

स्मरणी | ५ जून, सकाळी १०:२०

मानसशास्त्र शिकवते म्हणून दोन पैसे टाकते. लिंडा हेंकेल या अमेरिकन संशोधिकेने विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचा फोटो काढायचा, काही नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तूंचे तपशील कमी आठवले. हा निबंध २०१४ साली आला. त्यातली मला आवडणारी गोष्ट पुढे आहे: ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांची स्मृती घटली नाही. झूमच्या चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना तितकाच आठवला. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा कमी, 'काढला एकदाचा' म्हणून पाठ फिरवण्याचा जास्त.

चित्राच्या बाजूने २०१६ चा वॉटर्लू विद्यापीठाचा अभ्यास आहे. शब्दांची यादी काहींनी लिहिली, काहींनी चित्ररूपात काढली. काढलेले शब्द जास्त आठवले. शब्दामागे चार सेकंद दिले तरी. चित्र चांगलं आलं की वाईट, याने फारसा फरक पडला नाही, हे मला स्वतःला फार धीराचं वाटतं. माझी गाय लोक शेळी समजतात.

---

मीठभाकर | ५ जून, सकाळी १०:४५

+१. माझी शेळी लोक खुर्ची समजतात.

---

पाटणची_पोर | ६ जून, रात्री ११:३०

एक विचारू का? काकांना विचारलं होतं का हो, फोटो काढू म्हणून?

विचारण्याचं कारण सांगते. मी हौशी, मुंबईत राहते. मागच्या वर्षी पहाटे भाऊच्या धक्क्यावर कॅमेरा घेऊन गेले होते. एका मावशींच्या टोपलीवर छान प्रकाश होता, मी खाली बसून फोटो काढायला लागले. त्या म्हणाल्या, "फोटो काढून पोट भरतंय व्हय तुजा? मग मावरं घे की." मी बांगडे घेतले. मग त्या नीट बसल्या, पदर सारखा केला, आणि फोटो बिघडला, कारण आता त्या फोटोसाठी बसल्या होत्या. पुढच्या खेपेला वही नेली. पाच मिनिटांत तीन जणी मागे उभ्या. "तिचं नाक एवढं न्हाय", "बोटीचं नाव लिव", "माजं काढ". कॅमेऱ्यापुढे मी पाहुणी होते, वहीपुढे जत्रा झाली. पण वहीतही मी न विचारताच सुरुवात केली होती, हे खरं.

---

रेघोट्या | ७ जून, दुपारी ३:१५

@पाटणची_पोर, नव्हतं विचारलं. सुरुवातीचे तीन-चार महिने नाही. वरून काढते, त्यांना कुठे कळतंय, असंच मनात. दिवाळीच्या आधी वही घेऊन खाली गेले आणि सगळं दाखवलं. भीती वाटत होती.

त्यांनी एकेक पान चष्मा लावून पाहिलं. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "इस्त्री चुकली. ही कोळशाची, सहा-सात किलो भरते. तू काढलीस ती तरंगते. उचलताना बघ, आधी खांदा जातो, मग हात." मग प्रात्यक्षिक करून दाखवलं. त्या दिवसानंतरची चित्रं वेगळी आहेत, चित्र ४ आणि ६ त्यातली. कोपरापासून नाही, खांद्यापासून काढायला लागले. आर्ट स्कूलच्या चार वर्षांत फिगर ड्रॉइंगला हेच ओरडून सांगत होते सर, पण सहा किलोची इस्त्री हातात दिली नव्हती.

फोटो इथे टाकण्याआधी विचारलं. चेहरा नको म्हणाले, म्हणून प्रचिंमध्ये ते पाठमोरे आहेत. चित्रांना हरकत नाही. का, विचारलं तर म्हणाले, "चित्रात मी कुठेय, ते तर तुझंच आहे."

---

निबवाला | ७ जून, दुपारी ४:००

साहित्य काय वापरता ते लिहा की. पावसाळा तोंडावर आहे.

---

रेघोट्या | ७ जून, रात्री ८:५०

साधंच आहे. पाण्याने न फुटणाऱ्या शाईचं बारीक पेन, ०.३ चं. पाण्याने फुटणारी शाई असलेलं एक शाईपेन, त्यावर ओला ब्रश फिरवला की आयती करडी सावली मिळते. लाखेची काळी ड्रॉइंग इंक शाईपेनात भरू नका. मी बाबांच्या जुन्या पेनाचा त्यात बळी दिला, घशात दगड झाला. रंग तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, एक पिवळा. पहिल्या दोघांतून पुण्यातल्या सगळ्या भिंती निघतात. कागद कधी हातकागद संस्थेचा. फार देखणा, पण त्याचे तंतू निबात अडकतात, म्हणून तो रंगासाठी.

पावसाळ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळतच नाही. गेल्या जुलैत एका पानाला हेअर ड्रायर लावला तर पिंपळ वाहून टपरीवर आला. त्या महिन्यात नुसती रेघ काढली. सावल्या नसतातच तेव्हा, सगळीकडे सारखा दुधाळ उजेड. पहिल्यांदा कंटाळा आला, मग लक्षात आलं की सावली नसली की रंग खरे दिसतात. गाठोड्यांच्या चादरींचे रंग मी जुलैतच शिकले.

---

एडिसनकर | ८ जून, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून. ४० अंश उत्तर, त्यामुळे आमच्याकडे सूर्य कधीच माथ्यावर येत नाही. वीस वर्षांत हे जाणवलंच नव्हतं. काल ड्राइव्हवेमधल्या टपालपेटीकडे पाहिलं. जून असून दुपारी एक वाजता (आमची मध्यान्ह उन्हाळ्यात घड्याळाच्या एकच्या आसपास) उत्तरेला लख्ख सावली. मग आठवलं, लहानपणी नारायण पेठेत मेच्या सुट्टीत दुपारी क्रिकेट खेळताना स्टंपांना सावली नसायची. इथल्या उन्हात कायम काहीतरी कललेलं का वाटायचं, ते आज समजलं. टपालपेटी काढून बघितली. स्मरणीताई, तुमच्या गायीच्या शेजारी बांधा.

---

लंबक | २७ जुलै, रात्री ९:००

धागा वर काढतो. रेघोट्याताई, २९-३० जुलैला दुसरी शून्य सावली. यावेळी मध्यान्ह १२:४१ च्या सुमारास, साडेबाराला नाही. लक्ष ठेवा.

---

रेघोट्या | ३० जुलै, दुपारी २:१०

काल दिवसभर पाऊस. आज साडेबारापासून गॅलरीत. काकांनाही सांगून ठेवलं होतं, तर ते आणि शेजारचा झेरॉक्सवाला मुलगा खांबाशी उभे. १२:४१ ला आभाळ गच्च, सावलीच काय, खांबही धड दिसेना. झेरॉक्सवाला म्हणाला, "झाली की शून्य."

एक वाजून दहा मिनिटांनी दीड-दोन मिनिटं ऊन पडलं. तोवर सावली पूर्वेला, नाल्याच्या झाकणाकडे सरकलेली होती, वीतभर. फोटो काढायचा राहिला, कारण पेन हातात होतं. चित्र ८ खाली देते. ओल्या रस्त्यावर सावली आणि खांबाचं प्रतिबिंब वेगवेगळ्या दिशांना गेलेत. प्रतिबिंब सरळ माझ्याकडे येतं, सावली उजवीकडे. हे बरोबर आहे ना हो, लंबक?